बोरीचा पाला

अब्बांच्या मय्यतीला गुस्ल देताना बोरीचा पाला हवा होता. मोहल्ल्यातली शेवटची बोर रस्तारुंदीत गेलेली. भाऊ तासाभराने दूरच्या शेताच्या बांधावरून पाला घेऊन आला. ती रुखरुख मनात राहिली.

पुढच्या हंगामात बोरं खाऊन बिया जपल्या. मार्चमध्ये त्या मिठाच्या पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या पोकळ, काढून टाकल्या. बुडालेल्या धुऊन त्यांचं टणक कवच हातोडीने अलगद फोडलं, आतलं बी पिशव्यांत लावलं. आठवड्याभरात कोंब आले. न फोडलेल्या बियांना महिना लागला.

बोरीचं सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून पहिल्या पावसातच रोपं कब्रस्तानाच्या कुंपणालगत लावली. पोरं बोरं खातील, अडीनडीला पाला मिळेल. अम्मी म्हणाली, “हाच तुझ्या अब्बांसाठी सदका-ए-जारिया.”