पातळी आधी, स्क्रू शेवटी

बुलढाणा,
ऐन वैशाख

चि. बाळ यास,

कार्बोरेटर हे सपाट जमिनीचे यंत्र आहे. त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल ठरावीक पातळीला थांबते. शेजारच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि नोझलमधून पेट्रोल ओढले जाते. नोझलचे तोंड त्या पातळीपेक्षा जेमतेम काही मिलिमीटर वर असते. सगळा हिशेब या काही मिलिमीटरांचा. काल फोनवर तू म्हणालास, ‘राजूर घाटात गाडी काळा धूर सोडायला लागली, म्हणून तिथेच मिश्रणाचा स्क्रू फिरवला.’ ते ऐकून रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून हे सारे क्रमाने.

उंचीचा संशय आधी काढून टाकावा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून थोडे वर आहे. मलकापूरच्या पट्ट्यातून इथवर हवा तीन-चार टक्क्यांनीच विरळ होते. तेवढ्यासाठी जेट बदलावा लागत नाही. प्रश्न उंचीचा नसून तिरकेपणाचा आहे. चेंबरच्या मध्यापासून नोझल ३ सेंटिमीटर दूर असेल, तर २० अंशांच्या चढावर नोझलपाशी पातळी सुमारे १ सेंटिमीटरने सरकते. चेंबर गाडीच्या पुढच्या बाजूला असेल तर चढावर पेट्रोल नोझलवरून आपोआप गळ्यात सांडते, मिश्रण दाट होते, धूर येतो, इंजिन गुदमरते. चेंबर मागे असेल तर उलट: चढावर इंजिन उपाशी राहते आणि उतरताना पेट्रोल सांडते. तेव्हा बॉनेट उघडून चेंबर कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे. गाड्या दुरुस्त करणारे आपले आप्पा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारत.

स्क्रूला हात लावण्याआधी बाकीचे घर नीट लावावे लागते. पॉइंट, प्लग, टायमिंग, टप्पेट तपासावेत. कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग हवा ओढत नाही ना, ते पाहावे. जुन्या जीपचा ऑइल-बाथ एअर फिल्टर खुणेपेक्षा जास्त भरला असेल, तर चढावर त्यातले तेलही इंजिनात ओढले जाते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी येतो.

मग फ्लोट. तो कानाजवळ हलवावा; आत पेट्रोल डुचमळले तर तो फुटका आहे, बदलावा. नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर नखाला जाणवेल अशी कड पडली असेल, तर नीडल आणि सीट जोडीनेच बदलावी. दगडधोंड्यांवरून गाडी हादरते तेव्हा झिजलेली नीडल पेट्रोल अडवू शकत नाही. एवढे झाल्यावर फ्लोटची जीभ किंचित वाकवून पातळी ठरलेल्या मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली आणावी. त्याहून खाली नको. नाहीतर सपाट रस्त्यावर भरवेगात इंजिन उपाशी राहते. चेंबरची हवानळी तोकडी असेल तर तिचे तोंड उंच न्यावे.

स्क्रूची पाळी सर्वांत शेवटी, तीही सपाट जागेवर, इंजिन पुरते तापल्यावर. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवावा, साधारण दीड फेरा बाहेर काढावा आणि इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल तिथे थांबवावा. त्यानंतर स्लो, म्हणजे रिकाम्या इंजिनाचा वेग, पुन्हा कमी करावा. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू पेट्रोल नव्हे तर हवा कमी-जास्त करतो, म्हणजे दिशा उलटी. शेवटी प्लग सांगतो: काजळी म्हणजे मिश्रण दाट, पांढरा म्हणजे पातळ, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर.

आता दोन गोष्टी आजच्या काळाच्या. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. पेट्रोलला वजनाने साधारण पंधरापट हवा लागते, इथेनॉलला नऊपट. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. प्लग पांढरे दिसले तर मेन जेट एक नंबर मोठा घालावा. जुने रबरी पाइपही इथेनॉलने फुगतात, चिरतात. दुसरी गोष्ट उन्हाची. लो गिअरमध्ये रांगताना इंजिनाला पुरेसा वारा लागत नाही, पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. पाइप सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नये.

एवढे सांगूनही काळजी उरतेच. तुझी गाडी म्हणजे आप्पांची जीप, तिचे २१९९ सीसीचे हरिकेन इंजिन. त्यात कार्बोरेटर वर हेडला आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खाली ब्लॉकला. सांडलेले पेट्रोल कुठे पडणार, हे वेगळे सांगायला नको. चढावर पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारायचा नाही. ब्रेक दाबून इग्निशन बंद करावे, चाकामागे दगड लावावा, वास पुरता जाईपर्यंत थांबावे. मगच इंजिन सुरू करून, दगड काढून, लो रिव्हर्समध्ये सरळ मागे यावे. धुऱ्यावर गाडी आडवी घालण्याचा मोह जीव घेतो. आग विझवायचा सिलिंडर सीटखाली नसेल तर पांदणीत जीप उतरवूच नये.

तू म्हणालास, कार्बोरेटर काढून डिझेल इंजिन टाकतो. जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या पेट्रोल जीप अशाच डिझेलवर गेल्या. ज्या इंजिनाची पातळी कोणी कधी मोजली नाही, त्याला निकामी ठरवणे हा अन्याय आहे. एकदा रात्री मोताळ्याहून याच इंजिनाने सगळ्यांना घरी आणले होते, हे विसरू नये.

रविवारी फ्लोट काढ, माप घे आणि कळव. तोवर घाटात जाऊ नकोस.

तुझा,
काका