हा कोण?

आमच्या लहानपणी घरात दोन प्रकारची पुस्तके असत. एक उघड वाचावयाची, व दुसरी भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात घालून वाचावयाची. दुसऱ्या प्रकारात बाबूराव अर्नाळकरांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्या झुंजार व काळापहाड ह्या दोन वीरांनी आमच्या कित्येक सहामाही परीक्षा गिळल्या हे आता कबूल करावयास हरकत नाही. वडिलांना, म्हणजे अण्णांना, असली पुस्तके खपत नसत. पण घरात आमची एक साथीदार होती. लवकर वैधव्य आल्यामुळे आमच्याकडेच राहिलेली आमची आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी तांदूळ निवडीत बसे, आणि अण्णांची चाहूल लागली की दोनदा खोकत असे. तिच्या खोकल्याबरोबर झुंजार भूगोलात गडप होई. ह्या सेवेचा मोबदला म्हणून आमचे वाचून झालेले पुस्तक रात्री तिच्याकडे जाई. चाळीस पानांतच ती खुनी ओळखी, आणि सकाळी दुधाचा पेला पुढे ठेवताना हळूच त्याचे नाव सांगे. ते क्वचितच चुकत असे.

ह्या जातीच्या कथांतील एक प्रकार आम्हांस विशेष भुरळ घाली. एक मनुष्य अपरिचित खोलीत जागा होतो. अंगरख्यावर रक्त आहे, पलीकडे प्रेत आहे, आणि आपले नाव काय हे त्यास आठवत नाही. वेदान्त्यांनी ‘कोऽहम्’ हा प्रश्न हजारो वर्षे चघळला, परंतु दारावर पोलिसांची थाप पडत असताना तो प्रश्न पडणे ही गोष्ट निराळी. इतर रहस्यकथांत शोधणारा एक व लपणारा दुसरा असतो. येथे दोघे एकाच कातड्याखाली नांदतात. विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही १८६८ सालची कादंबरी ह्या घराण्याची थोर पूर्वज म्हणावयास हवी. (ती ज्यांनी वाचली नसेल त्यांनी एवढे पुढचे वाक्य सोडून द्यावे.) हिंदुस्थानातील देवळातून लुटलेला हिरा विलायतेतील एका घरातून रातोरात नाहीसा होतो, आणि जो तरुण मनोभावे त्याचा तपास करीत असतो त्यानेच तो अफूच्या अमलाखाली उचललेला असतो, त्यास मात्र त्याची वार्ताही नसते.

पुढे वय वाढले तसा ह्या युक्तीविषयी थोडा संशय येऊ लागला, आणि तो प्रथम आणून दिला कालिदासाने. महाभारतातील दुष्यन्तास शकुन्तलेची पक्की आठवण असते. भर सभेत तो तिला ओळखत नाही म्हणतो, आणि आकाशवाणी झाल्यावर, आपण जाणूनबुजून नाकारले, लोकांनी शंका घेऊ नये म्हणून, असा खुलासा करतो. कालिदासास हा नायक परवडेना. त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी माशाच्या पोटात घातली, आणि राजाच्या खोटेपणाचे विस्मृतीत रूपान्तर केले. नाटक अजरामर झाले, ह्यात वाद नाही. पण विस्मृती हा शाप असतो तसाच तो वकीलही असतो, ही गोष्ट त्या दिवसापासून आमच्या मनात रुतून बसली.

वैद्यकाचे शास्त्र ह्या कथांवर फारसे खूष नाही. डोक्यावर एक तडाखा बसून गेलेली स्मृती दुसऱ्या तडाख्याने परत येते ही कल्पना चित्रपटांनी फार पोसली. प्रत्यक्षात दुसरा तडाखा फक्त दुसरी इजा करतो. मात्र मनुष्य स्वतःस हरवू शकतो हे खोटे नाही. अमेरिकेत १८८७ च्या जानेवारीत अ‍ॅन्सेल बॉर्न नावाच्या एका धर्मोपदेशकाने बँकेतून पैसे काढले आणि तो नाहीसा झाला. पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउन ह्या गावी त्याने ब्राउन ह्या नावाने लहानसे दुकान थाटले. दोन महिन्यांनी एका सकाळी तो घाबरून उठला व आपण कोठे आहोत असे शेजाऱ्यांस विचारू लागला. दुकानाचे त्यास काहीच ठाऊक नव्हते. विल्यम जेम्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १८९० साली त्यास संमोहित केले, तेव्हा ब्राउन बोलू लागला. पण बॉर्न व ब्राउन ह्यांची गाठ त्यालाही घालून देता आली नाही. ह्या गोष्टीत प्रेत नाही, म्हणून कादंबरीकारांस ती अळणी वाटेल.

ज्यांस प्रेत हवे, विष हवे, जमीनदारी हवी व संन्यासीही हवा, त्यांच्यासाठी भावालचे प्रकरण आहे. ढाक्याजवळच्या भावाल ह्या मोठ्या जमीनदारीचे तीन वारस होते. त्यांतील मधले कुमार रमेन्द्रनारायण राय १९०९ साली पत्नी विभावती, मेहुणा व घरचा डॉक्टर ह्यांच्यासह दार्जिलिंगला हवापालटासाठी गेले. मे महिन्यात पोटशुळाने त्यांचा अंत झाल्याची तार घरी आली. वय अवघे पंचवीस. बारा वर्षे लोटली. १९२१ च्या सुमारास ढाक्यात बुरीगंगेच्या बंधाऱ्यावर अंगास राख फासलेला एक साधू बसू लागला, आणि मधले कुमार परत आले अशी कुजबूज सुरू झाली. कुमारांच्या भगिनी ज्योतिर्मयी ह्यांनी त्यास घरी बोलावून न्याहाळले आणि ‘हा माझा भाऊ’ असे ठरविले. साधूने सांगितलेली हकीकत अशी, की आपणांस विष घालण्यात आले. मेलो असे समजून रात्री स्मशानात नेले. तोच वादळ-पाऊस आल्यामुळे माणसे आडोशास पळाली. नागा साधूंनी आपणांस उचलले. आणि शुद्धीवर आलो तेव्हा नाव-गाव सारे पुसले गेले होते. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे हिंडल्यावर स्मृती हळूहळू परतली. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यास तोतया ठरविले. विभावतीदेवींनी त्यास पती म्हणून कधीही ओळखले नाही.

अखेर १९३० साली दावा गुदरला गेला. ढाक्याच्या न्यायालयात न्यायाधीश पन्नालाल बसू ह्यांच्यापुढे १९३३ पासून पावणेतीन वर्षे सुनावणी चालली व दीड हजारांहून अधिक साक्षीदार तपासले गेले. मोठमोठ्या प्रश्नांचा निकाल किती बारीक गोष्टींवर लटकत होता हे पाहून चकित व्हावे लागते. पायावरील गाडीच्या चाकाचा व्रण, पावलांची खरखरीत कातडी, जोड्याचे माप. प्रतिवादींनी कुमार सुशिक्षित व साहेबी थाटाचे होते असे चित्र उभे केले आणि हा साधू तर धड इंग्रजी शब्दही जाणत नाही असे दाखविले. न्यायाधीशांनी पुरावा चाळून ठरविले की मूळचे कुमारच जेमतेम अक्षरशत्रू होते! १९३६ च्या ऑगस्टात निकाल साधूच्या बाजूने लागला. १९४० साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात तीनांपैकी दोन न्यायमूर्तींनी तो उचलून धरला, आणि ३० जुलै १९४६ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शेवटचे अपील फेटाळले. सदतीस वर्षांनी मेलेला मनुष्य कायद्याने जिवंत झाला, आणि पुढच्या चारपाच दिवसांतच खरोखर वारला. विषप्रयोगाबद्दल खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. जे चालले ते इस्टेटीचे दिवाणी भांडण होते. बंगाल्यात ह्यावर नाटके झाली, १९७५ साली उत्तमकुमारांचा चित्रपट निघाला, २०१८ साली आणखी एक निघाला. तो मनुष्य खरोखर कोण, हा वाद अजून ऐकू येतो.

ह्या कथेत आमचे मन विषापाशी वा स्मशानापाशी अडत नाही. ते अडते त्या दोन स्त्रियांपाशी. एकाच चेहऱ्याकडे पाहून बहीण म्हणते ‘हाच’, आणि पत्नी म्हणते ‘हा नव्हे’. इस्टेटीचा लोभ दोन्हीकडे दाखविता येईल, तसा तो दाखविलाही गेला. पण माणसे केवळ लोभानेच खोटे पाहतात असे नाही. महाराष्ट्रास हे नवीन नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला, १७७६ साली त्याच्या मागे कोकणात मोठे बंड झाले, आणि त्याच वर्षी त्याची अखेर झाली. ज्या किल्लेदारांनी व शिपायांनी त्याच्यासाठी तरवार उपसली ते सगळेच काही लबाड नसतील. भाऊ परत यावेत असे त्यांस मनापासून वाटत होते. आणि पार्वतीबाईंनी तर पतीच्या मृत्यूवर विश्वासच ठेवला नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. भावालच्या त्या दीड हजार माणसांतही शपथेवर खोटे बोलणारे किती आणि जे पाहिलेच नाही ते स्पष्ट आठवणारे किती, हा हिशेब कोणत्याही न्यायाधीशास करता आला नसता.

हे आम्ही इतक्या आग्रहाने म्हणतो, कारण एकदा आम्हीही साक्षीदार होतो.

आम्ही दहा वर्षांचे असताना आत्याच्या पाटल्या चोरीस गेल्या. अंगावर घालण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या कपाटात असत. घरी वरकामाला एक मुलगा होता, आमच्याहून चारपाच वर्षांनी मोठा. आजोबांनी सर्वांस बोलावले. आम्ही त्या वेळी अर्नाळकरी विद्येत पारंगत. पुढे होऊन सांगितले, की काल दुपारी हा कपाटापाशी उभा होता, त्याचा हात कडीवर होता, व आम्हांस पाहून तो दचकला. मुलगा रडू लागला. अण्णांनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि ते काही न बोलता बाहेर निघून गेले. संध्याकाळी मुलाला घालवून देण्यात आले. तो हात, ती कडी, ते दचकणे आमच्या डोळ्यांपुढे आजही जसेच्या तसे उभे आहे.

गेल्या चार वर्षांपासून आत्याची स्मृती जात चालली आहे. आरंभी तिने तारखा गमावल्या, मग शेजारीपाजारी, मग आम्हांस. पण आमच्या चेहऱ्यात वयोमानाने अण्णा उतरले आहेत, त्यामुळे एके दिवशी आम्ही खोलीत शिरताच तिने, “अण्णा, किती दिवसांनी आलास रे!” म्हणून हात धरला. अण्णांना जाऊन वीस वर्षे झाली. आम्ही प्रथम खुलासा केला, तेव्हा तिच्या तोंडावर जी भीती पसरली ती पाहून पुन्हा केला नाही. आम्ही अण्णा झालो. ती खूष असे, व आम्हांस ते पुण्यकर्म वाटे.

मग एका दुपारी तिने दाराकडे पाहून आवाज खाली केला. “अण्णा, पाटल्यांचं कुणाला बोलला नाहीस ना?”

आम्ही “नाही” म्हणालो. झुंजारनेही हेच उत्तर दिले असते. पुढे काय निघते ते पाहावयाचे होते. निघाले ते असे. अण्णांच्या हातून कचेरीतील रोकड कमी पडली होती, आणि ती भरावयास दोन दिवसांची मुदत होती. पाटल्या तिने आपण होऊन काढून दिल्या. आजोबांस व आईस कळू नये म्हणून चोरी झाली असे म्हणावयाचे, एवढेच दोघांत ठरले होते. कोणावर आळ घ्यावयाचे ठरले नव्हते. “पण बाळ मधेच ते बोलला,” ती म्हणाली, “मग आपल्याला तोंड उघडता येईना. तू तरी काय करणार होतास! त्या पोराच्या हातावर दोन रुपये तरी ठेवायला हवे होते.”

बाळ म्हणजे आम्ही.

त्या मुलाचा हात कडीवर नव्हताच असे नाही. कदाचित केर काढताना असेलही. पण आता ते चित्र डोळ्यांपुढे आणले की त्याच्या मागे एका पुस्तकाचे रंगीत मुखपृष्ठ दिसू लागते, ज्यावर कोणाचा तरी हात कोणत्या तरी कपाटावर आहे. आधी काय पाहिले व मागून काय, हे आम्हांस सांगता येत नाही. चाळीस पानांत खुनी ओळखणाऱ्या आत्याला सारे ठाऊक होते, आणि तीही त्या दिवशी खोकली नाही. आम्ही तिच्यावर रागावलो, मग अण्णांवर रागावलो. पण ज्या अण्णांना जाब विचारावयाचा त्यांचा सोंगाडी आम्हीच होऊन बसलो होतो, आणि “नाही, कुणाला बोललो नाही” असे वचनही त्यांच्या नावाने देऊन चुकलो होतो.

त्या मुलाचे नाव आम्हांस आठवत नाही. हे लिहिताना लाज वाटते. आईस ठाऊक असते, पण ती नाही. थोरल्या भावास विचारले तर तो म्हणतो आपल्याकडे बाई होती, मुलगा नव्हे. तेव्हा गेल्या महिन्यात आम्ही मनाचा हिय्या करून आत्याकडे गेलो. तिला बरे वाटावे म्हणून जुन्या बाजारात मिळालेले अर्नाळकरांचे एक फाटके पुस्तक बरोबर नेले होते. अण्णांच्याप्रमाणे खाकरून विचारले, “अग, त्या पोराचं नाव काय होतं?”

“कुठल्या पोराचं?”

“पाटल्या गेल्या तेव्हाचा.”

तिने बराच वेळ आमच्याकडे पाहिले. त्या दिवशी आम्ही अण्णाही नव्हतो आणि बाळही नव्हतो, हे उघड दिसत होते. मग तिचे लक्ष हातातील पुस्तकाकडे गेले. ते तिने घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, पहिले पान उघडून गुडघ्यावर ठेवले, आणि अनोळखी पाहुण्याशी बोलावे तशा मर्यादेने म्हणाली, “ह्यात खून कुणी केला ते आधीच सांगू नका हं.”