संघ कोण निवडतो?

राष्ट्रीय फुटबॉल संघात कोणाला खेळवावे आणि तो संघ मैदानावर कसा उभा करावा, हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाचा असला, तरी त्या निर्णयाची सर्वांत कसून तपासणी प्रेक्षकच करतात. आणि ज्या गावात फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला व पाहिला जातो, तेथे या तपासणीला स्वतःची परिभाषा, स्वतःचे दाखले आणि स्वतःचे पक्षोपपक्ष असतात. कोल्हापूर हे असे गाव आहे. येथील स्थानिक स्पर्धांत उतरणारे बरेच संघ तालमींचे आहेत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. कालांतराने तीच पेठेचे मंडळ झाली, गणेशोत्सवाचे ठिकाण झाली आणि फुटबॉल संघाची पालक संस्थाही झाली. हंगामात शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या ईर्षेने सामने पाहिले जातात आणि विश्वचषकाच्या वर्षी ब्राझील व अर्जेंटिना यांच्या चाहत्यांत गाव वाटले जाते. भारतीय संघाकडे तेवढ्याच आस्थेने पाहणारे मात्र थोडे आहेत. प्रस्तुत लेखकाची ऊठबस त्या थोडक्यांत असल्यामुळे, ऑक्टोबर २०२५ मध्ये एका तालमीच्या माडीवर या संघाच्या निवडीवरून जे वाद झाले, ते त्याला जवळून ऐकता आले.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सौदी अरेबियातील २०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीत भारताच्या गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर हे संघ होते आणि गटातून केवळ अव्वल संघच पुढे जाणार होता. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगने भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर भारताला १-० असे हरवले, आणि त्यानंतर प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी पद सोडले. ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले आणि २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग जिंकून देणारे जमील मुंबईच्या फुटबॉलशी दीर्घकाळ जोडलेले असल्याने, महाराष्ट्रातील प्रेक्षकाला ते आपलेच वाटत होते. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात शेवटच्या क्षणी रहीम अलीने केलेल्या गोलमुळे १-१ अशी बरोबरी पदरात पडली, आणि १४ ऑक्टोबरचा मडगावच्या फातोर्डा मैदानावरचा परतीचा सामना जिंकणे भाग झाले.

त्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माडीवर जमलेल्या मंडळींत स्थूलमानाने तीन पक्ष होते. पहिला पक्ष साठी ओलांडलेल्यांचा. त्यांच्या मते भारतीय संघाने थेट खेळावे, म्हणजे मधल्या फळीत चेंडू घोळवत न बसता तो लांब मारून लवकरात लवकर प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ न्यावा. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या काळात याच पद्धतीने जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीत थायलंडला ४-१ असे नमवले होते, हा त्यांचा हुकमी दाखला. दुसरा पक्ष तरुणांचा. चेंडू आपल्या ताब्यात राखून, छोट्या पासांनी वाट काढत जाणे हाच आधुनिक खेळ, असे ते मानत आणि इगोर स्टिमाक यांनी निदान तसा प्रयत्न केला, याचे श्रेय देत. त्यावर, स्टिमाक यांचा संघ जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशियाई करंडकात तीन सामन्यांत एकही गोल न करता परतला, हे पहिला पक्ष लगेच ऐकवी. तिसरा पक्ष स्वतः बचावात खेळलेल्या एकदोघांचा होता. पद्धत कोणतीही असो, आधी गोल खायचा नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

वाद शब्दांनी मिटेना तेव्हा कॅरम बोर्ड पुढे ओढला गेला. कॅरमच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या, एक राणी आणि एक स्ट्रायकर मिळून बरोबर अकरा होतात, ही सोय या माडीवर फार पूर्वीच कोणाच्या तरी लक्षात आलेली आहे. स्ट्रायकर गोलरक्षक म्हणून मागच्या खिशांच्या मधोमध ठेवला गेला, चार सोंगट्यांची बचावफळी लागली, तिच्यापुढे दोन, त्यापुढे तीन आणि टोकाला एक अशी मांडणी झाली. हीच ४-२-३-१ रचना. गोलरक्षक सोडून उरलेले दहा खेळाडू मागून पुढे फळीवार मोजण्याची ही पद्धत असून, तीत बचावफळीपुढचे दोघे प्रतिस्पर्ध्याची चढाई मोडणे आणि चेंडू पुढे पोहोचवणे अशी दुहेरी जबाबदारी घेतात. तरुणांना त्या दोघांपैकी एक जण पास देणारा हवा होता. बचावाच्या पक्षाला दोघेही अडवणारे हवे होते, आणि तशी मांडणी केली की टोकाची सोंगटी एकटी पडते, हे बोर्डावर उघडच दिसत होते.

सर्वांत लांबला तो राणीचा वाद, कारण राणी म्हणजे सुनील छेत्री. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून निवृत्त झालेला हा कर्णधार मार्च २०२५ मध्ये परतला होता. तोवर त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते आणि परतल्यावर मालदीवविरुद्ध त्याने आणखी एक केला. जमील यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमधील मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स कप स्पर्धेसाठी त्याला घेतले नव्हते आणि तरीही भारताने तेथे ताजिकिस्तानला हरवले व ओमानला टायब्रेकरवर नमवून तिसरे स्थान मिळवले. मग सिंगापूरसाठी त्याला पुन्हा का बोलावले, असा तरुणांचा सवाल होता. एका पोराने राणी उचलून बोर्डाच्या लाकडी कडेवर, म्हणजे राखीव खेळाडूंत ठेवली. शेजारच्या काकांनी ती पुन्हा टोकाला आणली आणि विचारले, ‘‘ह्याला बसवतोस, पण त्याच्या जागी गोल मारणारा एक तर गडी दाव की!’’ पोराने तीन नावे घेतली आणि तिन्ही नावांवर त्याच्याच पक्षातून हरकत आली.

ही हरकत वादाच्या मुळाशी नेणारी होती. ताजिकिस्तानविरुद्धच्या विजयातले दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांनी केले होते, आणि दोघेही बचावपटू आहेत. सेट-पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक वा लांब थ्रो-इन यांसारख्या थांबलेल्या चेंडूवरून सुरू होणाऱ्या चाली, हे जमील यांच्या संघाचे मोठे अस्त्र होते. परंतु थांबलेल्या चेंडूवर बचावपटूंनी गोल करावेत आणि वाहत्या खेळात कोणीच करू नये, ही अवस्था एखाद्या रचनेतून उद्भवत नाही. त्यातच झिंगनला ९ तारखेच्या सामन्यात दुसरे पिवळे कार्ड, पर्यायाने लाल कार्ड मिळाल्याने तो फातोर्डाला खेळू शकत नव्हता, त्यामुळे बोर्डावरची बचावफळीही त्या संध्याकाळी दोनतीनदा मोडून मांडावी लागली.

दुसऱ्या दिवशी चौदाव्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला फटका जाळ्यात गेला, तेव्हा माडीवर तिन्ही पक्ष एक झाले होते आणि ही एकी पूर्वार्ध संपत येईपर्यंत टिकली. मध्यंतराच्या तोंडावर साँग उई-यंगने बरोबरी साधली, उत्तरार्धाच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्यानेच दुसरा गोल केला आणि सिंगापूरने सामना २-१ असा जिंकला. चार सामन्यांत दोन गुण, आणि आशियाई करंडकाचे दार बंद. त्यानंतरचा तासभर वादाला धार होती, पण नवे काही नव्हते: कोणी आघाडी घेतल्यावर संघ मागे सरकल्याचा दोष प्रशिक्षकाला दिला, कोणी मधल्या फळीला, कोणी छेत्रीच्या वयाला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही १-० असे हरवले तेव्हा हिशेब असा झाला, की पहिल्या पाच पात्रता सामन्यांत भारताचे गोल अवघे दोन. या पाच सामन्यांत दोन प्रशिक्षक झाले, फळ्यांची मांडणी बदलली, छेत्रीवरचा वाद दोन्ही अंगांनी लढवून झाला. गोलांचा दुष्काळ तेवढा कायम राहिला.

याचे कारण राष्ट्रीय संघाच्या शिबिरात शोधून सापडत नाही, ते क्लबांच्या संघयादीत सापडते. इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी मैदानावर चार परदेशी खेळाडू खेळवण्याची मुभा आहे, आणि त्यातला एक जण बहुधा ‘नंबर नऊ’ असतो. नंबर नऊ म्हणजे जुन्या मंडळींच्या भाषेत सेंटर फॉरवर्ड. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर राहून चाल पूर्ण करणारा, आणि ज्याच्या चुकीची किंमत क्लबला थेट गुणांत मोजावी लागते असा खेळाडू. ही जागा परदेशी खेळाडूकडे गेली, की त्या जागेसाठी तयार झालेला भारतीय तरुण एक तर बाकावर बसतो किंवा बाजूच्या विंगवर सरकवला जातो. राष्ट्रीय संघाची आघाडी सांभाळलेला मनवीर सिंग मोहन बागानकडून उजव्या विंगवर खेळतो, हे याचे ठळक उदाहरण. २०२४-२५ च्या लीगमध्ये सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजारईने केले, आणि भारतीयांत सर्वाधिक १४ गोल होते चाळिशीतल्या छेत्रीचे. राणी कडेवर ठेवावी की टोकाला, या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यात भर म्हणजे प्रक्षेपण व व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने जुलै २०२५ मध्ये लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला होता, आणि ऑक्टोबरपर्यंत खेळाडूंनी लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता.

माडीवरच्या ज्येष्ठांना या विवेचनावर एक ऐतिहासिक उतारा सुचे, तो असा, की प्रशिक्षक खमक्या असेल तर नसलेला फॉरवर्डही घडवता येतो. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला इजा झालेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवले आणि त्याने उपान्त्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. दाखला खरा आहे, पण तो देताना एक गोष्ट नजरेआड होते: त्या संघात पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम होते, आणि त्याआधी सहा वर्षे मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. आघाडीपटूंची रांग लागलेली असताना बचावपटूला पुढे नेण्याचा डाव खेळणे, आणि रांगेत कोणीच नसल्याने बचावपटूंच्या गोलांवर दिवस काढणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तरुणांचा उतारा दुसऱ्या दिशेचा होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि लेस्टर सिटीकडून खेळलेला हमझा चौधरी शिलाँगच्या सामन्यात बांगलादेशाकडून उतरला, मग भारतीय वंशाचे परदेशस्थ खेळाडू भारताने का घेऊ नयेत, असे ते विचारत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे अशा खेळाडूला आधी परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय व्हावे लागते; पण हा अडसर दूर झाला, तरी बाहेरून आणलेला एक खेळाडू देशातली रांग लांबवत नाही.

येथवर माडीवरचे तिन्ही पक्ष सहमत होत आणि क्लबांना, लीगला, महासंघाला बोल लावून मोकळे होत. पण वर्षभर त्यांच्यातच वावरताना एक विसंगती दिसून येते. स्थानिक हंगामाची तयारी सुरू झाली, की याच माडीवर पहिली मागणी उठते ती तालमीच्या संघासाठी एखादा परदेशी किंवा निदान परगावचा फॉरवर्ड आणण्याची. समोरच्या पेठेने आणला म्हणून आपणही आणायचा, वर्गणी जमवायची, त्याच्या राहण्याजेवणाची सोय करायची, आणि पेठेत वाढलेल्या पोराला विंगवर किंवा बाकावर बसवायचे. ‘‘फायनलला पोरगं खेळवून हरायचं काय?’’ या प्रश्नाला माडीवर आजवर कोणी प्रतिप्रश्न केलेला नाही. क्लबचा मालक याहून निराळा विचार करत नाही. दोघांनाही या हंगामातला चषक हवा असतो, आणि दोघांच्याही निर्णयाचे बिल काही वर्षांनी फातोर्डासारख्या एखाद्या मैदानावर राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या नावाने फाडले जाते.

कोल्हापुरात गुणवत्ता नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. प्रश्न गुणवत्तेचा कमी आणि तिला गोलसमोर किती मिनिटे मिळतात याचा अधिक आहे. राष्ट्रीय संघाच्या अकरा जणांवर प्रेक्षकाने जरूर वाद घालावा, तो त्याचा हक्क आहे. पण ज्या एका संघाच्या निवडीत त्याचा शब्द खरोखर चालतो, तो त्याच्या पेठेचा संघ आहे. येत्या हंगामात प्रत्येक तालमीने सेंटर फॉरवर्डची एक जागा पेठेतल्या पोरासाठी राखावी, त्याने सोपा गोल हुकवला तरी पुढच्या सामन्यात त्यालाच उतरवावे, आणि त्यापायी एखादा चषक गेला तर तो जाऊ द्यावा.