दोन नांवांचें घर

घराला नांव देण्याची हौस आपल्याकडे जुनीच. दारावर संगमरवरी पाटी लावणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आतां हवेंतही पाटी लावूं लागला आहे. वायफायच्या पेटीला आपण जें नांव देतों, तें ती सामान्यतः सेकंदाला सुमारें 10 वेळां पुकारीत असते. या पाटीची लांबी मात्र ठरलेली, 32 बाइट. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरींत अक्षर, काना, मात्रा, हलन्त या प्रत्येकाला तीन लागतात. म्हणून ‘मातृछाया’ 24 बाइटांत मावते आणि ‘श्रीगणेशकृपा’ 36 झाल्यामुळें बाहेर राहते!

आमच्या पेटीनें घराला दोन नांवें दिलीं. एकाच्या शेवटीं ‘5जी’ होतें. मोबाईलच्या पांचव्या पिढीशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. तो 5 गिगाहर्ट्झचा पट्टा. त्याची तरंगलांबी सुमारें 6 सेंटीमीटर, तर 2.4 गिगाहर्ट्झची साडेबारा. पहिला चपळ, पण भिंतींपुढें लवकर हतबल होणारा. दुसरा संथ, पण दूरवर पोंचणारा. त्याच्या वाटेवर शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी यांची गर्दी असते, एवढेंच.

अण्णांची खोली घराच्या अगदीं मागें, विटांच्या दोन भिंतींपलीकडे. रविवारीं रात्रीं बोस्टनहून नात बोलूं लागली, कीं तिचें चित्र थिजे आणि वाक्य अर्ध्यावर तुटे. “मला हें यंत्र जमत नाहीं रे,” असें म्हणून अण्णा फोन उशाशीं ठेवीत. पुढेंपुढें ते रविवारीं लवकर निजूं लागले.

दोष त्यांच्या हातांत नव्हता, भिंतींत होता. त्यांचा फोन संथ पट्ट्यावर लावून दिला. चित्र थोडें धूसर झालें, पण नातीचें हसणें अखंड येऊं लागलें.

दोन्ही पट्ट्यांना एकच नांव द्यावें, असा हल्लींचा प्रघात आहे. मग निवड बहुधा फोनच करतो. पण कांहीं फोन क्षीण झालेल्या चपळ पट्ट्यालाच हट्टानें चिकटून राहतात. म्हणून मी दोन नांवें राखलीं आहेत. दिवाणखान्यांत वेगाचें कौतुक होतें, तें होवो. घरांतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोंचणाराही कोणी हवा. त्या संथ पट्ट्याचें नांव आतां ‘मागची खोली’ आहे. त्याला 28 बाइट लागतात. पाटीवर थोडी जागा उरतेच.