भोंग्याची तार

जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा माळ्यावरचा पसारा खाली काढायला मी आणि पुतण्या चढलो. मोडकी पाभर, तिफणीचं चाडं, आईच्या जात्याचा खुंटा, उंदरांनी कुरतडलेली गोणपाटं. आणि कोपऱ्यात, घोंगडीखाली, ती पेटी. पुतण्या म्हणाला, "नाना, हे लोखंड भंगारात घालू का?" मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे." माझ्या पोटात खड्डा पडला होता, तो त्याला कळायचं काही कारण नव्हतं.

ती पेटी म्हणजे दादाचं लाऊडस्पीकरचं मशीन. व्हॉल्व्हवर चालणारं. आताच्या पोरांना व्हॉल्व्ह म्हटलं की पाइपलाइनचा कॉक आठवतो. हे व्हॉल्व्ह काचेचे. बाटलीच्या आकाराचे, आत धातूच्या जाळ्या, खाली पाय. लाईट लावली की आत निखारा फुलावा तशी तांबूस वात पेटायची. लगेच आवाज यायचा नाही. अर्धा मिनिट मशीन तापायचं, मग भोंगा खाकरल्यासारखा करायचा आणि मग गाणं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात आमचं सगळं घर खडी फोडायला होतं. दादा तेव्हा अठराचा, मी बाराचा. दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी दादानं तात्यांच्या मागं टुमणं लावलं, की जमिनीवर भागत नाही, लाऊडस्पीकर घेऊ. फलटणला एकाचं जुनं मशीन विकायला होतं. तात्यांनी एक खोंड विकलं, वर सोसायटीचं थोडं कर्ज काढलं आणि मशीन, भोंगा, ग्रामोफोन असा संच एस.टी.च्या टपावर घालून घरी आणला. गावात लाईट नुकती आली होती. लग्न, बारसं, सत्यनारायण, सप्ता, सगळीकडं दादाला बोलावणं. दादाचा रुबाब काय सांगावा! नवरदेवाला कुणी विचारत नव्हतं, पोरं दादाच्या भोवती.

मे १९७६. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो. शेजारच्या गावात लग्न होतं. आदल्या रात्रीही दुसरीकडं लग्न झालेलं, मशीन बारा-बारा तास चाललेलं. दुपारी दादा जेवायला गेला. जाताना मला म्हणाला, "कुणाला हात लावू देऊ नगंस." मोठी तबकडी लावलेली होती, एका बाजूला वीस मिनिटं वाजणारी.

पोरं जमली. मला शेखी मिरवायची होती. मी म्हणालो, "बघा, हात लावता गाणं बंद करतो." मशीनच्या मागं भोंग्याच्या तारा स्क्रूखाली आवळलेल्या असत. मी एक तार सैल करून काढली. गाणं बंद. लावली, गाणं सुरू. पोरं हसली. दोन-तीनदा केलं. तेवढ्यात बुंदीची पंगत बसली म्हणून आरोळी आली आणि आम्ही सगळे पळालो. तार सुटलेलीच राहिली.

परत आलो तेव्हा तबकडी फिरत होती. आवाज मोठाच ठेवलेला. भोंगा गप्प, पण पेटीतून बारीक चिरका सूर येत होता, गाणं आतच कोंडल्यासारखा. मग आत निळी ठिणगी चमकली, चट्‌ आवाज झाला आणि जळका वास. मी घाईघाईनं तार होती तशी लावली, स्क्रू आवळला आणि बाजूला जाऊन बसलो. दादा आला, तोवर पेटीतून धूर निघत होता. त्यानं पहिल्यांदा काय बघितलं असेल तर मागची तार. ती जागेवर होती.

दादानं कपाळावर हात मारला. "दोन रात्री विसावा दिला न्हाई म्या. लय तापलं." मी काही बोललो नाही.

तालुक्याच्या मेकॅनिकनं सांगितलं, आवाजाचा ट्रान्स्फॉर्मर जळाला, खर्च मोठा आहे. सोसायटीचं कर्ज फिटायचं होतं. तात्या एवढंच म्हणाले, "खोंडबी गेलं, पेटीबी गेली." पण ते जेवताना म्हणाले आणि दादा ताटावरून उठला. पावसाळा लागायच्या आत तो मुंबईला गेला. गिरणीत आधी बदली कामगार, मग कायम. १९८२ चा संप झाला तेव्हा परत आला, तो रिकाम्या हातानं. तात्या त्याआधीच गेले होते. दादा मुंबईत असताना मी जमीन बघितली, दहावी पास झालो, लग्न केलं. पुढं वाटण्या झाल्या, त्यात भांडणं नाहीत. मशीन माझ्या वाट्याच्या घरात माळ्यावर पडून राहिलं.

आता ते खाली आल्यावर दादाला दाखवलं. दादा सत्तरी पार केलेला, गुडघे धरलेले. त्यानं पेटीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. त्याचा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, गिटार वाजवतो. त्यानं मोबाईलवर फोटो बघितले आणि उडालाच. म्हणाला, "आजोबा, यात ईएल ३४ व्हॉल्व्ह आहेत. इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये हेच असतात. विकू नका, दुरुस्त करा." दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "करायचं का रं?" मला नाही म्हणता येईना.

तालुक्याला एक चाचा आहेत, ऐंशीच्या घरातले. रेडिओ दुरुस्तीत हयात गेली. आता दुकानात मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, चाचा मागच्या खोलीत बसतात. आम्ही दोघं भाऊ पेटी घेऊन गेलो. मी सरळ वायर बोर्डात घालायला निघालो, तर चाचा ओरडले, "थांबा! पन्नास वर्षं उपाशी आहे ते."

मग त्यांनी समजावलं. मशीनमध्ये कंडेन्सर असतात, विजेचा साठा करणारे. वर्षानुवर्षं पडून राहिले की आतून सुकतात. एकदम पूर्ण लाईट दिली तर फुटतात आणि जाताना दुसरं काही घेऊन जातात. हे मला लगेच पटलं. दुष्काळात उपाशी बैलाला एकदम पेंड घातली की बैल मरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. चाचांनी मोठे कंडेन्सर बदललेच. मग शंभर वॅटचा बल्ब मध्ये जोडून त्याच्यातून लाईट द्यायची ठरवली. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. लखलखीतच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, आणि तो झटका मशीनऐवजी बल्ब सोसतो.

पण त्याच्या आधी सफाई. आत कुंभारमाशीनं मातीची घरटी केलेली, उंदराच्या लेंड्या. ते काम मी केलं, ब्रश आणि स्पिरिट घेऊन. चाचांनी बजावलं, "लाईट दिल्यावर आत चारशेच्या वर व्होल्ट असतात. वायर काढली तरी कंडेन्सर धरून ठेवतो. आधी तो रिकामा करायचा. आणि चालू मशीनला हात घालायचा तर एकच घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते."

व्हॉल्व्हच्या काचेला डोक्याशी चंदेरी लेप असतो. काचेला चीर जाऊन हवा शिरली की तो लेप पांढरा पडतो, मग तो व्हॉल्व्ह गेला. मोठ्या दोनपैकी एकाचं डोकं पांढरं होतं. नातवानं पुण्याहून नवीन जोडी पाठवली. व्हॉल्व्ह आता फक्त रशिया, चीन, स्लोव्हाकिया अशा मोजक्या ठिकाणी होतात, आणि ते मुख्यतः गिटारवाल्यांमुळं. त्यांना म्हणे आवाज थोडा फाटलेला लागतो आणि व्हॉल्व्हचा आवाज फाटला तरी गोड फाटतो. जोडीची किंमत ऐकून दादा म्हणाला, "एवढ्यात तवा बैलजोड्या आल्या असत्या."

चाचांनी मीटर लावून ट्रान्स्फॉर्मर तपासला. एका बाजूची वेटाळणी तुटलेली. मग त्यांनी भिंग घेतलं आणि मोठ्या व्हॉल्व्हची बैठक बघत बसले. आठ पायांची बैठक. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायाच्या मध्ये एक काळी रेघ होती, केसाएवढी. त्यांनी विचारलं, "हे जळालं तेव्हा भोंग्याची तार सुटली होती का?"

दादा म्हणाला, "न्हाई. लय तापलं हुतं. दोन रात्री चाललं."

"तापून असं होत नाही," चाचा म्हणाले. "ही ठिणगी उडालेली खूण आहे. तुम्ही शेतकरी, तुम्हाला सांगतो. मोटर जोरात चालू आहे आणि तुम्ही पाइपलाइनचा कॉक खाड्‌कन बंद केला, तर पाणी काय करतं?"

"उलटं उसळतं. पाइप फोडतं," मी म्हणालो.

"तसंच. भोंगा नसला की आवाजाची वीज बाहेर जात नाही, उलटी उसळते. हजार व्होल्टच्या वर जाते. वेटाळणी जाळते, बैठकीवर उडी मारते. ट्रान्झिस्टरच्या मशीनला तार सुटलेली चालते, जोडलेल्या तारा एकमेकींना चिकटलेल्या चालत नाहीत. व्हॉल्व्हचं उलटं. याला भोंगा नसलेला चालत नाही."

दादा ठाम होता. "तार जाग्यावर हुती. म्या सोता बघितली." चाचांनी खांदे उडवले. मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरत राहिलो.

ट्रान्स्फॉर्मर भरायला चाचांनी तीन आठवडे मागितले. पंपाच्या मोटरसारखं ते काम नाही. जुनी तार सोडताना एकेक वेटा मोजायचा, लिहून ठेवायचा. बारीक तार आणि जाड तार आलटून पालटून थरांनी भरायची, प्रत्येक थरामध्ये कागद, शेवटी वॉर्निश. घाईचं कामच नाही.

त्या तीन आठवड्यांत मला नीट झोप लागली नाही. पन्नास वर्षं होत आली, तात्या गेले, गिरण्याही गेल्या. कुणाला सांगून काय मिळणार होतं? पण दादा दुकानात "म्या सोता बघितली" म्हणाला, ते कानातून जाईना. एके सकाळी डाळिंबाच्या बागेत दादा बांधावर बसला होता. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "दादा, तार मी काढली हुती." मग सगळं सांगितलं. पोरं, बुंदी, स्क्रू.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मंजी तात्यांम्होरं मान खाली घालून मी उगंच बसलो व्हय?" थोड्या वेळानं म्हणाला, "तात्या वारल्यावर मुंबईस्नं आलो, तवा तिरडीला हात लावताना मला खोंडच दिसत हुतं." काठी घेऊन उठला आणि गेला. मागं वळला नाही.

पंधरा दिवस तो आमच्याकडं फिरकला नाही. रोज सकाळचा चहा तो माझ्याकडं घ्यायचा. बायकोनं विचारलं, काय झालं? तिलाही मग सांगितलं. ती म्हणाली, "आता जाऊन पाया पडा." मी गेलो. दादा म्हणाला, "पाया कशाला पडतुयास, म्या काय देव हाय?" पण आत ये म्हणाला नाही.

मशीन तयार झाल्याचा निरोप आला. मी एकटा जाऊन घेऊन आलो. चाचांनी बल्ब लावून, मग बल्ब काढून, सगळं दाखवलं. रविवारी नातू गिटार घेऊन आला. भोंगाही माळ्यावरचाच, त्याचं युनिट चाचांनी नीट केलेलं. ओसरीवर सगळं मांडलं. नातू दादाला बोलवायला गेला आणि दादा आला. माझ्याशी बोलला नाही. मी तारा हातात घेतल्या तशी त्यानं माझ्या हातातून त्या काढून घेतल्या. गुडघे दुखत असताना खाली बसला, दोन्ही तारा स्क्रूखाली घातल्या, आवळल्या, एकेक ओढून बघितली. मग म्हणाला, "हां. आता लाईट द्या."

काचेत वाती पेटल्या. अर्धा मिनिट कुणी बोललं नाही. भोंगा खाकरला. नातवानं तारेवर बोट मारलं आणि ओसरीवरची कबुतरं उडाली. मला गिटार कळत नाही, दादालाही नाही. पण दादा कान देऊन ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "आवाज त्योच हाय." आणि घरात बघून, "चहा टाका की!"

मशीन आता पुण्याला गेलंय. जाण्याआधी दादानं बैलांची शिंगं रंगवायचा डबा आणून पेटीच्या मागं तांबड्या अक्षरात लिहून दिलं : आधी भोंग्याची तार, मग लाईट. नातवानं विचारलं, "हे एवढं मोठं कशाला लिहिलं, आजोबा?"

दादा म्हणाला, "ते तुझ्या धाकट्या आजोबाला इचार."