भाच्याच्या होड्या आणि राजेवाडीचा तलाव

म्हसवड,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळास,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या होड्यांच्या मंडळाची नदीकाठची जागा मालकानं परत मागितली, होड्या कुणाच्या तरी गोदामात उलट्या पडल्यात आणि तुम्हा मंडळींना एकदम राजेवाडीचा तलाव आठवला. ‘मामा, जागा बघून ठेव’ म्हणतोस. माणदेशात जागेला कधी तोटा होता रे?

पुण्यातला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा, इंजिनिअरिंग कॉलेजचा १९२८चा. त्यांना काठ मिळाला तो काळ निराळा. वर्गणीवर चालणाऱ्या तुमच्या मंडळाला आज मुळा-मुठेच्या काठी कोण उभं करणार? त्यात जलपर्णी आणि सांडपाणी. तुझा वैताग कळतो. पण वैतागून निघालेल्या माणसानं राजेवाडीला येऊ नये, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

१८७६-७७च्या दुष्काळाच्या काळात लोकांच्या हाताला काम द्यायला इंग्रजांनी माणगंगेवर हा तलाव हाती घेतला. पाणी पसरतं आपल्या माण तालुक्यात, राजेवाडी गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचं आणि कालव्याकडे डोळे लावून बसतं सोलापूरकडचं सांगोलं. म्हणजे अर्ज एक, पण नाराज व्हायला जिल्हे तीन. महाबळेश्वरात पाऊस वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो, आपल्याकडे ५००च्या आतबाहेर. जिल्हा मात्र दोघांचा एकच. आता कृष्णेचं पाणी जिहे-कठापूर योजनेतून उचलून माण खोऱ्यात आणतात. ते विजेच्या बिलावर चढलेलं पाणी. त्यात तुम्ही रंगीत कयाक घेऊन उतरलात, की बांधावरचा शेतकरी आधी विचारणार, हे कोण आणि कुणाच्या परवानगीनं?

दुसरं असं, की हा काठ एका जागी राहत नाही. भरल्या वर्षी पैलतीर धूसर दिसतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं, की उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात. तू दिवाळीत काठावर शेड बांधशील. वैशाखात तिच्या दारात कडवळ उभं असेल आणि पाणी अर्ध्या कोसावर. मग होडी डोक्यावर घेऊन लोकांच्या पिकातून जाणार काय? आणि सलग दोन वर्षं पाऊस रुसला तर तेवढंही नाही. सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेला माणगंगेच्या कोरड्या पात्रात दुकानं मांडलेली तू लहानपणी पाहिलीस ना? अलीकडे नदीला पाणी असलं, की देवदिवाळीला यात्रेनंच जागा शोधायची. पाणी नाही तरी घोटाळा, आलं तरी घोटाळा.

तू म्हणशील, मग कोयनेकडे जातो. २०२४ साली मुनावळ्याला शिवसागराच्या काठी सरकारनं जलक्रीडा केंद्र काढलंच आहे. जा की. पण ते पर्यटकांचं. तिथं तुझी पोरं पहाटे उठून वल्ही मारायला शिकणार, हे काही मला दिसत नाही.

तरीही ये म्हणतो, त्याचं कारण वेगळं आहे. आमच्या पिढीनं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या. काठावर चुलता उभा असायचा. गटांगळी खाल्ली, की आधी शिवी आणि मग दोर. विहिरी आटल्या आणि पोहणं संपलं. आता गावोगाव शेततळी झालीत. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. घसरलेला माणूस उतारावर हाताची नखं रुतवायला बघतो, पण तिथं धरायला काहीच नसतं. काठापासून हातभरावर माणसं बुडतात. वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. दुष्काळी मुलखात बुडून मरण, याच्याएवढी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. तुमच्याकडे लाइफ जॅकेटं आहेत, दोर कसा फेकायचा ते शिकलेली पोरं आहेत. आठवड्यातून एक सकाळ इथल्या शाळांना द्या, मग बघ जागा कशी निघते ती. ही माझी अट समज.

आणि कोरडवाहू पोरांना वल्ही जमणार नाहीत, असं तुझ्या कमिटीत कुणी म्हणालं तर दत्तू भोकनळचं नाव घे. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, तेही दुष्काळीच गाव. बाप विहिरी खोदायचा. फौजेत गेल्यावर पोरगा पुण्यात रोइंग शिकला, २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण. आपल्या मोहीची ललिता बाबर त्याच रिओत अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी धावली. तिला धावायला माळ होता. पाण्याचं तेवढं बाकी आहे.

शेडचा नाद सोड. ट्रॉलीवर चढतील एवढ्याच होड्या आणा, पाणी जाईल तिथं न्या आणि ज्या वर्षी तलाव आटेल त्या वर्षी गुमान पुण्याला घेऊन जा. अर्ज जलसंपदा खात्याकडे दोन प्रतींत. पण त्याआधी मासेमारीचा ठेका असलेल्या मंडळींना भेटायचं. त्यांच्या जाळ्यावरून वल्हं गेलं, तर परवानगीचा कागद कामाला येणार नाही. बोलायला तुमच्यातला कुणी सबुरीचा माणूस आण. तू नको, गेल्या खेपेला एसटीच्या कंडक्टरशीच भांडलास.

देवदिवाळीच्या आधी ये, रथाच्या गर्दीत अंगणात ट्रॉली लावायला जागा उरत नाही. मामीनं बाजरीचं पीठ दळून ठेवलंय.

तुझा
मामा