झरा तेवढा खरा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हॉजेनव्हिल गावाजवळ, टेकडीवर, ग्रॅनाइटचं एक भव्य मंदिर आहे. अब्राहम लिंकन 56 वर्षं जगले, म्हणून पायऱ्याही 56. आत देवासारखं जपलेलं ओंडक्यांचं खोपटं.

ते लिंकनचं नव्हे. 1890च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका व्यावसायिकाने ‘जन्माचं खोपटं’ म्हणून हे ओंडके गावोगावच्या प्रदर्शनांतून फिरवले. यादवी युद्धात दक्षिणेचा अध्यक्ष असलेल्या जेफरसन डेव्हिसच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खोपटाचेही ओंडके त्यांत मिसळले. पुढे स्मारकात उभं करताना भोवती फिरायला जागा हवी म्हणून ते आखूडही केलं. 2004मध्ये लाकडातली वर्तुळं तपासली, तर सगळ्यांत जुना ओंडका 1848चा निघाला. लिंकन जन्मले 1809मध्ये.

मला ओंडक्यांपेक्षा लिंकन कुटुंबाचं दुःख मोठं वाटतं. अब्राहमचा बाप थॉमस लिंकन सुतार. ओंडक्यांना खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचे, फटी चिखलाने लिंपायच्या, खाली मातीची भुई, हे त्याच्या हातचं काम. डिसेंबर 1808मध्ये त्याने 200 डॉलरला ही 300 एकर जमीन घेतली. पण मालकीचा कज्जा उभा राहिला. 1811मध्ये नॉब क्रीकला बिऱ्हाड हललं. तिथेही कागद आड आला आणि 1816च्या डिसेंबरात सगळे इंडियानाच्या रानात गेले. घाम यांचा, दस्तऐवज दुसऱ्याच्या नावाचा. आणि ज्या भूमीचे हे दस्तऐवज, ती त्याआधी शॉनींसारख्या मूळ रहिवाशांच्या शिकारीची. 1786मध्ये अशाच एका शेतात, मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात, पोरवयातल्या थॉमसच्या डोळ्यांदेखत त्याचे वडील मारले गेले होते. वसाहतीची ही किंमत दोन्हीकडच्यांनी मोजली. भूमी मात्र एकाच बाजूची गेली.

इंडियानात 1818च्या ऑक्टोबरात अब्राहमची आई नॅन्सी गेली. रानातली पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती गाईंच्या खाण्यात यायची आणि ते विष दुधातून माणसांत उतरायचं. ज्या दुधावर पोरं वाढवायची, त्यानेच आई नेली. थॉमसने शवपेटी स्वतः घडवली. अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचा होता.

राष्ट्रीय उद्यान सेवा आता स्मारकातल्या त्या खोपटाला ‘प्रतीकात्मक’ म्हणते, हे मला फार योग्य वाटतं. तुम्ही कधी तिकडे गेलात, तर पायऱ्या चढण्याआधी खालच्या झऱ्यापाशी जा. ‘सिंकिंग स्प्रिंग’ हे शेताचं नाव त्याच्यावरूनच पडलं. लिंकन कुटुंब पाणी प्यायचं ते याच झऱ्याचं.